दुसऱ्या मजल्यावरचं कपाट

बाबा फोनवर म्हणाले, "येऊन बघतो एकदा," आणि धाकटीची घाबरगुंडी उडाली.

ज्यांना हे घराणं माहीत नाही त्यांना वाटेल, यात घाबरण्यासारखं काय आहे? वडील लेकीकडे येणार, बघणार, चहा पिणार, जाणार. पण बाबांचं बघणं साधं नसतं. दादा कॉलेजात असताना बाबा असंच त्याचं वसतिगृह 'एकदा बघायला' गेले होते. संध्याकाळच्या गाडीने परतले ते दादाला, त्याच्या ट्रंकेला आणि गुंडाळलेल्या गादीला घेऊनच. कारण विचारलं तर एवढंच म्हणाले, "बघितलं." त्यानंतर दादा घरातूनच शिकला, घरातूनच नोकरीला लागला, त्याचं लग्नही झालं, आणि अजून तो घरातच आहे.

धाकटी एकतीस वर्षांची होती आणि आठ महिन्यांपूर्वी, चांगलं चार महिने भांडून, या मोठ्या शहरात एकटी राहायला आली होती. आता बाबा येणार, बघणार, आणि तिची गादी गुंडाळणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तिने दात-ओठ खाऊन ठरवलं की आपण यांचा असा पाहुणचार करायचा, की बाबांना एकही फट सापडता कामा नये. आले तसे आईला घेऊन मुकाट परत गेले पाहिजेत.

आता इथे कबूल केलं पाहिजे की गेले आठ महिने धाकटी फोनवर थोडं वाढवून सांगत आली होती. चौथ्या मजल्यावरची तिची एक खोली आणि तेवढंसं स्वयंपाकघर फोनवर 'प्रशस्त' झालं होतं. खिडकीबाहेर कुंडी ठेवायला एक फळी होती, तिची 'गॅलरी' झाली होती. फक्त एकदा, ती भाजी परतत असताना आईने विचारलं, "कपडे कुठं ठेवतेस गं?" आणि लक्ष नसल्यामुळे तिच्या तोंडून खरं निघून गेलं. "खोक्यात." आठ महिन्यांत ती एवढं एकच खरं बोलली आणि पुढचा सगळा गोंधळ त्या एका शब्दाने केला.

तयारी मात्र तिने जय्यत केली. समोरच्या काकूंकडून दोन गाद्या आणि दोन खुर्च्या मागून आणल्या. तीन नवे टॉवेल घेतले. आठ दिवसांचं वेळापत्रक केलं, कधी काय खायचं आणि कुठे फिरायला जायचं ते सगळं लिहून भिंतीवर चिकटवलं. काकूंनी ते वाचलं आणि मान हलवली.

"पहिल्या दिवशी इतकं चांगलं वागू नका," काकू म्हणाल्या. "मग पुढचे सात दिवस पुरवता येत नाही. माझ्या नणंदेच्या वेळी मी हीच चूक केली. पहिल्याच दिवशी तीन भाज्या केल्या. ती बाई महिनाभर राहिली."

रविवारी दुपारी दोन वाजता इमारतीखाली टेम्पो थांबला. पुढून आई उतरली, मग बाबा उतरले. दोघांच्या हातात मिळून एक पाण्याची बाटली आणि एक छत्री. सामान काहीच नाही, हे बघून धाकटीचा जीव भांड्यात पडला. सामान नाही म्हणजे मुक्कामही फार नाही. तेवढ्यात टेम्पोवाल्याने मागचा पडदा वर केला. आत दोरखंडाने बांधलेलं एक लोखंडी कपाट उभं होतं. घरातलं. हिरवं. तिच्याच खोलीतलं.

"हे काय आहे?" धाकटीने विचारलं.

"कपाट," बाबा म्हणाले. विचारलेल्या प्रश्नाचं तेवढंच उत्तर द्यायची त्यांची जुनी पद्धत आहे.

"ते दिसतंय मला! इथे कशाला?"

"अगं धाकटे, तू खोक्यात कपडे ठेवतेस म्हणालीस ना," आई म्हणाली. "माझ्या घशाखाली घास उतरेना तेव्हापासून."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाद्या, खुर्च्या, टॉवेल, वेळापत्रक, एवढं सगळं करून उंबरठा ओलांडायच्या आधीच निकाल लागला होता. हिला साधं एक कपाट घेता येत नाही! ती काही बोलणार, तेवढ्यात जिन्याखालच्या टेबलावरून सोसायटीचे सेक्रेटरी उठून आले.

सेक्रेटरींकडे एक वही, एक शिक्का आणि भरपूर वेळ होता. ते म्हणाले, "फर्निचर आणायची वेळ अकरा ते एक. रविवारी बंद. आज रविवार आहे आणि दोन वाजलेत. म्हणजे दोन्हीकडून नाही."

"मग काय रस्त्यावर ठेवू?"

"रस्ता माझ्याकडे येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

बाबा शांतपणे पुढे झाले. "हे फर्निचर नाही. ही आमची बॅग आहे."

सेक्रेटरींनी नियमावली चाळली. पाहुण्यांनी कोणत्या आकाराची बॅग आणावी याबद्दल तिच्यात एक अक्षर नव्हतं. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं, 'पाहुण्यांची बॅग, नग एक, लोखंडी,' आणि शिक्का मारला. बाबांनी धाकटीकडे असं पाहिलं की जणू या शहरात राहायचं कसं, ते तिने त्यांच्याकडून शिकावं. तिला तेही झोंबलं.

कपाट लिफ्टपेक्षा चार बोटं उंच निघालं. टेम्पोवाला आणि त्याचा जोडीदार दोघांनी ते जिन्याने चढवायला घेतलं. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर 'खट्' असा आवाज आला आणि कपाट कठडा आणि भिंत यांच्यामध्ये जे बसलं ते बसलंच. वर जाईना, खाली येईना. तिथे राहणाऱ्या मास्तरांचं दार त्याच्यामागे अर्धवट उघडलं आणि भूमितीचे ते निवृत्त मास्तर पोट आत घेऊन आडवे बाहेर आले.

दुसरा कोणी असता तर भांडला असता. मास्तरांचे डोळे चमकले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी एक गणित विचारलं नव्हतं. त्यांनी आतून खडू आणला, भिंतीवर जिना काढला, जिन्यात कपाट काढलं आणि म्हणाले, "अडचण कर्णाची आहे. रिकामं कपाट तिरकं करून सहज निघेल. हे भरलेलं आहे. तिरकं केलं तर खालचा माणूस चिरडेल."

"भरलेलं कशाने असणार?" धाकटी म्हणाली.

मग आई अपराधी आवाजात म्हणाली, "आता एवढं मोठं कपाट न्यायचं, ते रिकामं कशाला न्यायचं? जागा वाया. म्हटलं, सगळ्यांचं सामान आतच भरू. म्हणजे तुला बॅगांचा पसारा नको."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. कपडे, चादरी, ह्यांची औषधं. आमची ताटं-वाट्या. तुला आमचा त्रास नको म्हणून."

"मग उघड आणि काढ बाहेर."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं. मग उलगडा झाला तो असा. प्रवासात किल्ली हरवते, हे आईचं अनुभवसिद्ध मत होतं. म्हणून तिने कपाटाला कुलूप लावून किल्ली घराशेजारच्या शिंपीणबाईंकडे जपून ठेवायला दिली होती. नुसती जपून नाही, जिवापाड.

"अगं, पण उघडणार कशी होतीस?"

"ते इथे आल्यावर बघू म्हटलं. हरवली तर नसती ना!"

धाकटीने कपाळावर हात मारला आणि शिंपीणबाईंना फोन लावला. शिंपीणबाई त्या सकाळीच लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, दीड दिवसाच्या प्रवासावर. किल्ली कुठे आहे? "माझ्याचजवळ आहे गं," त्या अभिमानाने म्हणाल्या. "तुझ्या आईने जिवापाड जप म्हणून सांगितलं होतं. मी मागे कशी ठेवीन?" टेम्पोवाल्याने हे सगळं ऐकून घेतलं, दुसरं भाडं आहे म्हणाला आणि निघून गेला.

अशा रीतीने आई-बाबा लेकीच्या घरी अंगावरच्या कपड्यांनिशी दाखल झाले. बाबांची औषधं तेवढी धाकटीने लगेच कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणली. खरं सांगायचं तर तिला मनातून जरा बरंच वाटलं. आता यांना माझ्यावाचून गत्यंतर नाही! आता माझा टॉवेल घ्यावा लागेल, माझ्या ताटात जेवावं लागेल. पण ज्यांनी आयुष्यभर कोणाला त्रास दिला नाही, ती माणसं परिस्थितीपुढे अशी हार मानत नाहीत. बाबा म्हणाले, "चांगला टॉवेल नको, एखादं फडकं दे." आई खुर्चीवर बसेना, "तुझ्याकरता राहू दे, तू दमून येतेस." जेवायला एकच भाजी झाली तरी बस झाली, आणि ती भाजीही आईनेच केली, कारण धाकटी हात धुवून येईपर्यंत ती चिरून फोडणीला पडली होती. वेळापत्रक आईने वाचलं, छान आहे म्हणाली आणि त्यावरच्या चिकटपट्टीचा कोपरा नीट दाबला.

कपड्यांचा प्रश्न राहिला. आईला धाकटीचा घरातला झगा आला. बाबांना मात्र काहीच येईना, शेवटी एक गुलाबी पायजमा आला. त्यावर पिवळी बदकं होती. बाबांनी तो घातला आणि आरशात न बघता सरळ दुसऱ्या मजल्यावर गेले, कारण सामान उघड्यावर टाकून घरात बसणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

सोमवारी सूचनाफलकावर कागद लागला. 'दुसऱ्या मजल्यावरील कपाटाच्या मालकाने अडथळा त्वरित दूर करावा.' येणारा-जाणारा कपाटाला वळसा घालून जाई आणि जाता जाता सल्ला देई. कोणी म्हणे कठडा कापा, कोणी म्हणे तेल सोडा. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचं मत पडलं की थंडीत लोखंड आक्रसतं, तेव्हा चार महिने थांबावं. तोवर मास्तरांचा खडू भिंतभर पसरला होता आणि बदकांचा पायजमा घातलेले बाबा पायरीवर बसून प्रमेय ऐकत होते.

धाकटी संध्याकाळी ऑफिसातून आली ती दोन भाज्या, भात आणि गोड, सगळं मनाशी ठरवूनच. तासभर खपून तिने पानं वाढली. बाबा वर आले, हात पुसले आणि म्हणाले, "माझं झालं. मास्तरांकडे जेवलो. फार आग्रह केला त्यांनी."

धाकटीच्या हातातला डाव तसाच राहिला. "त्यांच्याकडे पाहुणा होता येतं तुम्हाला? टेबलावर बसून? दोनदा वाढून घेऊन?"

"तीनदा," बाबा म्हणाले. "ते परके आहेत. परक्यांना नाही म्हणवत नाही."

"आणि मला नाही म्हणवतं!"

"तू घरची," बाबा म्हणाले, जणू यात सगळं आलं. धाकटीला त्या क्षणी स्वतः परकी व्हावंसं वाटलं. रागाच्या भरात तिने बाबांच्या वाटचं गोडही एकटीने खाल्लं.

मंगळवारी तिने कुलूपवाला बोलावला. पण कपाट तिच्या घरात नव्हतं, सोसायटीच्या जिन्यात होतं, आणि जिन्यातली वस्तू उघडायला सेक्रेटरींची परवानगी लागत होती.

"उघडायला हरकत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "पण हे कपाट तुमचं, याला पुरावा काय?"

"आत माझ्या वडिलांचे सहा शर्ट आहेत."

"ते उघडल्याशिवाय कसं कळणार?"

"म्हणून तर उघडायचंय!"

"पुराव्याशिवाय कसं उघडणार? बिल आहे? खरेदीची पावती?"

इथे धाकटीच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. ती एका मालवाहतूक कंपनीच्या दावे विभागात होती. लोकांचं सामान वाटेत हरवतं, मोडतं, ते लोक रडकुंडीला येऊन तिच्या टेबलासमोर उभे राहतात, आणि गेले आठ महिने ती त्यांना शांतपणे विचारत आली होती, 'हे सामान तुमचं कशावरून? बिल आहे? यादी आहे?' परवाच एका म्हातारबुवांना तिने ट्रंकेची तिसरी यादी करून आणायला लावली होती. आता तेच प्रश्न, त्याच थंड आवाजात, तिलाच! आपण हे विचारतो तेव्हा ते नियमाला धरून असतं. या माणसाच्या तोंडी ते निव्वळ छळ वाटत होते, आणि हा फरक त्याच्या लक्षात कसा येत नाही, याचंच तिला नवल वाटलं.

शेवटी तोडगा निघाला. आतल्या वस्तूंची यादी आधी लिहून द्यायची, दोन सभासदांसमोर कपाट उघडायचं, यादी जुळली तर कपाट तुमचं. आई आठवून आठवून सांगू लागली आणि धाकटी जिन्यात उभी राहून लिहू लागली. 'शर्ट, सहा. त्यातला एक कॉलर उलटवलेला.' "कॉलर कशाला सांगतेस?" "पुरावा पक्का नको का?" 'बनियन, पाच. भोकं असलेले, तीन.' बाबा दुसरीकडे बघू लागले. समोरच्या काकू चार पायऱ्या वर बसून मन लावून ऐकत होत्या.

बुधवारी सकाळी ऑफिसात रजा मागावी लागली. साहेबांनी कारण विचारलं. "वडिलांचे कपडे जिन्यात अडकलेत," ती म्हणाली. साहेबांनी विचारलं, "लेखी देता का?"

साक्षीदार म्हणून मास्तर आणि काकू उभे राहिले. कुलूपवाल्याने खिशातून तार काढली, दोनदा फिरवली, आणि चार दिवस अख्ख्या इमारतीला वेठीला धरलेलं कुलूप चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात उघडलं. सेक्रेटरी यादी वाचत गेले, आई एकेक वस्तू दाखवत गेली. शर्ट सहा. कॉलर उलटवलेला एक, बरोबर. बनियनची भोकं काकूंनी स्वतः तपासली.

"आणि हे?" सेक्रेटरी म्हणाले. खालच्या कप्प्यात एक गाठोडं होतं. "हे यादीत नाही."

"ते असू द्या," आई घाईने म्हणाली.

"असू कसं द्या? सोडा."

धाकटीनेच गाठ सोडली. शाळेतली तिची प्रमाणपत्रं निघाली, पत्र्याचा कंपास, पोहण्याच्या शर्यतीचं एक पदक, टेबलावरचा दिवा. आणि या सगळ्यावर घडी घालून ठेवलेला निळा पडदा. तिच्या खोलीच्या खिडकीचा पडदा. कडेला इस्त्रीने करपलेला डाग होता, तो तिनेच पाडलेला.

"पडदा का काढलात?" तिने विचारलं.

आईने बाबांकडे पाहिलं. या वेळी बाबांनी छताकडे बघितलं नाही.

"दादाच्या पोरीला दिली खोली," ते म्हणाले. "ती मोठी झाली आता. तिला दुसरा पडदा हवा होता."

"माझी खोली? मला न विचारता?"

"तू काय परत येणार आहेस का?"

"मुळीच नाही!"

"मग?"

या 'मग'वर धाकटीचा आवाज चढला. "पण तुम्ही तर मला न्यायला आला होतात! येऊन बघतो म्हणालात! दादाला नाही का आणलंत तसं बघून!"

बाबांना हे खरंच कळेना. त्यांनी बदकांच्या पायजम्यावर हात पुसले आणि जिन्यात अडकलेल्या त्या हिरव्या धुडाकडे बोट दाखवलं. "न्यायला येणारा माणूस कपाट घेऊन येतो का गं?"

मास्तर हळूच म्हणाले की हा मुद्दा तर्काला धरून आहे. धाकटीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पोट आत घेऊन घरात गेले.

रिकामं कपाट कर्णावर तिरकं झालं आणि बाबा, मास्तर, कुलूपवाला यांनी मिळून ते पंधरा मिनिटांत वर नेऊन ठेवलं. खोलीचा चौथा हिस्सा त्याने खाल्ला. धाकटीने त्यात आपले कपडे लावले, आदळआपट करत. गेले आठ महिने आणि हे चार दिवस ती ज्यांच्याशी लढत होती, ते समोर उभेच नव्हते. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, आणि तो का होत नाही याचाही तिला राग आला.

उरलेले दिवस वेळापत्रकाप्रमाणे गेले. आता अंगावर स्वतःचे कपडे आल्यामुळे असेल, पण बाबा खुर्चीवर बसू लागले. शुक्रवारी त्यांनी तिच्या हातची भाजी दोनदा वाढून घेतली आणि मीठ थोडं कमी आहे असं सांगितलं. मास्तरांना त्यांनी असं काही सांगितलं नसतं, हे तिच्या लक्षात आलं, तरी तिने मीठ आपटूनच पुढे ठेवलं.

रविवारी सकाळी ती त्यांना बसवर सोडायला गेली. रिकामे हात बघवेनात म्हणून तिने दोन नव्या बॅगा घेऊन सगळं त्यांत भरलं होतं, आणि आईने दोन्ही किल्ल्या तिच्यादेखत पर्समध्ये टाकल्या. बस लागली. बाबा पायरीवर चढले, मग थांबले आणि मागे वळले. त्यांचा आवाज जरा वेगळा होता, मास्तरांशी बोलताना असायचा तसा.

"चांगलं केलंस हो सगळं. यावेळी आम्ही असेच न विचारता आलो, तुझी फार धावपळ झाली. पुढच्या वेळी विचारून येऊ. तुला सोयीचं असेल तेव्हा."

आठ दिवस हेच तर हवं होतं. घर तिचं, वेळ तिची, आणि आई-बाबा रीतसर पाहुणे. तिने तोंड उघडलं ते 'हो, तसंच करा' म्हणायला. पण भर बसस्टँडवर, सगळ्या उतारूंदेखत, ती ओरडली, "विचारून? माझ्याकडे यायला तुम्ही विचारणार? मी काय परकी आहे का?"

रांगेतले लोक वळून बघायला लागले. बाबा गोंधळून आईकडे पाहू लागले. आई खिडकीशी बसली होती, तिने डोळ्यांना पदर लावला आणि तिथूनच म्हणाली, "नाही विचारणार गं बाई. ओरडू नकोस."

"खबरदार विचारलंत तर!" धाकटी म्हणाली आणि नाक पुसत बस वळेपर्यंत रागाने हात हलवत राहिली.